लोखंडातली चांदी

दिग्विजय खोतचं यंत्र चुकलं, ही बातमी सुहास चिखलीकरला मंगळवारी सकाळी अकरा वाजता कळली, आणि त्या दुपारी त्याने डब्यातली कारल्याची भाजी तक्रार न करता संपवली.

बातमी आणली होती कंपनीच्या वकील रायरीकर मॅडमनी. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत इंगवले प्रिसिजन कास्टिंग्ज या ओतकामाच्या कारखान्यात सुहास प्रयोगशाळेचा प्रमुख होता. एकवीस वर्षं तो तिथे वितळलेल्या बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, नमुने तपासत होता, आणि एकवीस वर्षांत एकाही वकिलाने त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मॅडम टेबलापाशी बसल्या. फाईल ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी तिथला स्कूटरच्या किल्ल्यांचा जुडगा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. जुडग्याला रुपयाएवढी बिडाची काळपट टिकली लटकत होती.

"चिखलीकरसाहेब, खोतांचा अहवाल आलाय," त्या म्हणाल्या. "बॉम्बच्या तुकड्यात भलतेच धातू सापडलेत. बिडात असूच शकत नाहीत असे. आपल्या कारखान्याच्या साडेतीन हजार नमुन्यांत कुठेही नाहीत असे. कशामुळे, ते खोतांना सांगता येत नाहीये."

"सांगता येत नाहीये," सुहासने ते शब्द गोळीसारखे जिभेवर फिरवून पाहिले. "लिहून दिलंय त्यानं तसं?"

"लिहूनच दिलंय. 'या धातूंचा उगम निश्चित करता आला नाही.' पान चौदा."

सुहासने फाईल तिथे उघडली नाही. काही गोष्टी घाईत खायच्या नसतात. घरी जाऊन, चहा घेऊन, पाय वर करून वाचायच्या असतात.

आता हा दिग्विजय कोण, ते सांगायला हवं. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्राच्या वर्गात सुहासच्या शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा, एवढीच खरं तर त्याची ओळख. पुढे तो परदेशी गेला, परत आला, आणि त्याने एक यंत्र बनवलं. सुहासला त्याच्या तीन गोष्टी सहन होत नसत. छप्पन्नाव्या वर्षी टिकलेले केस, फोटोतलं हसू, आणि सुहासवरचं त्याचं प्रेम. तिसरी सगळ्यांत वाईट. दिग्विजय दर दिवाळीला फोन करायचा, "सुह्या, लेका, भेटत नाहीस," म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा. शत्रू असा वागला की माणसाची फार पंचाईत होते.

यंत्राची कल्पना समजायला सोपी आहे. बीड वितळतं तेव्हा ते एकटं वितळत नाही. भट्टीच्या आतल्या अस्तराचा कण न् कण त्यात झिजून उतरतो. ज्या भंगारातून ते आलं त्या भंगाराचे अवशेष उतरतात. साच्याची वाळू कुठल्या ओढ्याची आणि ती बांधायला घातलेली मळी कुठल्या साखर कारखान्याची, याची खूणसुद्धा ओतीव वस्तूच्या सालीत राहते. हे सगळं इतकं सूक्ष्म की पूर्वी कुणाच्या हाती लागत नव्हतं. दिग्विजयचं यंत्र धातूच्या तुकड्यावर प्रकाशाचा बारीक किरण मारून एकेक थर उडवतं, उडालेल्या अणूंचं वजन करतं, आणि त्या यादीवरून सांगतं की हा तुकडा जगातल्या अमुक कारखान्यातल्या अमुक भट्टीतून आला. अस्तर दर आठवड्याला थोडं झिजतं, त्यामुळे कोणत्या महिन्यात ओतला, याचाही अंदाज येतो. तुकडा कितीही जळलेला, वाकलेला असू दे.

अशा यंत्राचा उपयोग आधी चोरीचं भंगार पकडायला झाला. मग 'सहभाग कायदा' आला. आपल्या देशातल्या कंपनीने माहीत असताना परदेशातल्या युद्धगुन्ह्याला माल पुरवला, तर खटला इथे चालेल आणि मालकापर्यंत जाईल, असा तो कायदा. तोवर कंपन्यांचं एकच उत्तर असायचं: आम्ही विकलं, पुढे कुणी काय केलं आम्हाला काय ठाऊक. आता स्फोटाच्या खड्ड्यातून उचललेला तुकडा स्वतःचा पत्ता सांगू लागला. वर्तमानपत्रांनी त्याला 'खोत चाचणी' म्हणायला सुरुवात केली. जगभरातले एकोणीस खटले त्या चाचणीवर उभे होते.

आणि सुहासच्या मते ती चाचणी त्याची होती. तिसऱ्या वर्षाला, मेसमध्ये आमटीची वाट बघताना तो म्हणाला होता, "प्रत्येक भट्टीला तिचा स्वतःचा वास असतो. तो बिडात उतरत असणारच. फक्त हुंगणारं नाक पाहिजे." दिग्विजयने घास हातात धरून त्याच्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं सुहास पस्तीस वर्षं विसरला नव्हता. वाक्य त्याचं, आणि नाक मात्र दिग्विजयचं झालं.

---

खटला सरळ होता. सेरबान नावाच्या देशात यादवी माजली होती. तिथल्या एका सेनापतीने दाराझ गावच्या शाळेतल्या पाण्याच्या टाकीजवळ उखळी बॉम्ब टाकला. रांगेत मुली उभ्या होत्या. सतरा गेल्या. तुकड्याने पत्ता सांगितला: शिरोली, इंगवले, भट्टी क्रमांक दोन.

कंपनी म्हणत होती, सेरबानला माल पाठवायला सरकारने एक जूनला बंदी घातली. त्यानंतर आम्ही एक नगही ओतला नाही. आधीचा माल दलालाकडून तिकडे गेला असेल, तर तो आमचा गुन्हा नाही. दिग्विजयचं यंत्र अस्तराच्या झिजेवरून म्हणत होतं, तुकडा ऑगस्टनंतरचा आहे. सगळा खटला त्या महिन्यांवर होता. आणि नेमक्या त्याच तुकड्यात हे भलते धातू निघाले.

कारखान्याच्या कागदांवर तो माल 'पंप बॉडी, प्रकार सात' होता. प्रकार सातला पाणी आत यायला वाट नव्हती आणि बाहेर जायलाही नव्हती. मागे मात्र शेपूट बसवायला आटे होते. याबद्दल कारखान्यात कुणी काही बोलत नसे.

"तुम्ही फक्त एवढंच सांगायचं," रायरीकर मॅडम म्हणाल्या, "की एकवीस वर्षांत असं बीड या कारखान्यातून बाहेर पडलं नाही. मग एक तर यंत्र चुकलं, नाही तर नमुना बिघडला. दोन्हीपैकी काहीही आपल्याला चालेल. तुमची निवृत्ती पुढे ढकलायचंही दादासाहेबांनी मनावर घेतलंय."

दादासाहेब म्हणजे मालक, उदयसिंह इंगवले. पण निवृत्तीचं सुहासच्या कानावर नीट गेलंच नाही. तो विचारत होता, "साक्षीच्या वेळी खोत समोर असेल का?"

"पहिल्या रांगेत."

"मग चालेल," सुहास म्हणाला.

---

संध्याकाळी प्रणिताने, त्याच्या बायकोने, चहा ठेवला. सुहासने पाय वर घेतले आणि पान चौदा उघडलं.

तांबं, शेकडा शून्य पूर्णांक एकतीस. नेहमीच्या सात-आठ पट. चांदी, दहा लाखांत वीस भाग. बिडात चांदी विरघळत नाही, तिचे ठिपके अडकून राहिले होते. तसे ठिपके यंत्राने फोटोत दाखवले होते, काळ्या रात्रीत चार चांदण्या असाव्यात तसे.

"हसताय काय एकटेच?" प्रणिता म्हणाली.

"दिग्विजयची फजिती वाचतोय. लोखंडात चांदी सापडली म्हणतो."

"पुण्याला भेटणार ना ते? मग ती पाटी घेऊन जा ऑफिसातली. त्यांना बरं वाटेल, तुम्ही जपून ठेवली म्हणून. एवढी चांदीच्या मुलाम्याची तांब्याची पाटी, दोन किलोची, मी तर एकदाच बघितली. घरी का नाही आणत, काय की."

सुहासचा कप तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

पाटी. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी दिग्विजयचा सत्कार केला, आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की वर्गातल्या प्रत्येकाला आठवण द्यायची. प्रत्येकाला एकेक पाटी मिळाली. वर मोठ्या अक्षरांत 'डॉ. दिग्विजय खोत'. खाली बारीक अक्षरांत 'यांचे वर्गमित्र'. त्याहून बारीक अक्षरांत 'सुहास चिखलीकर'. आपण कुणाचे तरी वर्गमित्र आहोत, याचं दोन किलोचं प्रमाणपत्र. सुहासने ते हसत घेतलं, फोटो काढू दिला, आणि घरी सांगितलं की ऑफिसच्या कपाटात ठेवलंय.

ऑफिसच्या कपाटात ती तीन आठवडे होती. मग खंडेनवमी आली.

ओतकामाच्या कारखान्यात खंडेनवमीला भट्टीची पूजा असते. भट्टीला हार, हळदकुंकू, नारळ. आणि इंगवल्यांकडे एक जुनी रीत होती. पूजेनंतरच्या पहिल्या रसात प्रयोगशाळेच्या प्रमुखाने कलशातलं तांब्याचं नाणं सोडायचं. साडेसातशे किलोच्या रसात एक नाणं, त्याचा मागमूसही लागत नाही. त्या वर्षी सुहास भट्टीच्या मचाणावर चढला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. भट्टीवरचा जुना कामगार तानाजी लोहार बघतच राहिला.

"सायेब, एवढं मोठं?"

"यंदा नवस आहे, तानाजी."

पाटी रसात गेली. मोठी अक्षरं आधी लाल झाली, मग पिवळी, मग नव्हतीच. एकवीस वर्षांत कुठल्याही पूजेने सुहासला इतकं समाधान दिलं नव्हतं.

नमुन्याची टिकली ओतून तपासली तेव्हा तांबं अर्थातच भलतं चढलेलं निघालं. तांब्याने बीड फक्त थोडं कडक होतं, माल फुकट जात नाही, म्हणून सुहासने नोंदवहीत नेहमीचा आकडा लिहिला. नमुन्यांच्या डब्यात आदल्या रसाची दुसरी टिकली ठेवली. आणि खरी टिकली, जिच्यात दिग्विजय खोतचं नाव वितळलेलं होतं, तिला वेल्डिंगच्या खोलीत एक कडी लावून घेतली. तेव्हापासून ती त्याच्या स्कूटरच्या किल्लीला होती. रोज सकाळी स्कूटर चालू करताना ती दांड्यावर आपटायची, आणि रोज सकाळी त्याला जरा बरं वाटायचं.

त्या दिवशीचा पहिला रस होता 'पंप बॉडी, प्रकार सात'चा. बंदीला पाच महिने होत आले होते. एकशे चाळीस नग.

जुडगा समोरच चहाच्या ट्रेजवळ पडला होता. सुहासने गणित केलं. दोन किलो तांबं साडेसातशे किलोत, त्यात नेहमीचं मिळवलं, शून्य पूर्णांक एकतीस. दुसऱ्यांदा केलं, तेवढंच. दिग्विजयचं यंत्र चुकलं नव्हतं. ते इतकं बरोबर होतं की त्याने सेरबानच्या खड्ड्यातून सुहासचा मत्सर उकरून काढला होता, आणि ते काय आहे हे त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं.

"काय झालं?" प्रणिताने विचारलं.

"चहात साखर नाही."

"तुम्हीच बंद केलीत ना, मार्चपासून."

---

पुढचे दहा दिवस सुहास फार खुशीत असायला हवा होता. हातात असं हत्यार कुणाला मिळतं? काही खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहायचं. गप्प राहायची त्याला सवय होती. प्रकार सातबद्दल तो चार वर्षं गप्पच होता. तो गप्प राहिला की ही चाचणी पडणार, आणि ही पडली की तिच्यामागे एकोणीस खटले. 'खोत चाचणी' हे नाव पुढच्या दिवाळीपर्यंत थट्टेचं होणार. त्याने दिग्विजयचा फोटो मनात आणून पाहिला, हसू नसलेला. छान दिसत होता.

फक्त एक अडचण होती. रायरीकर मॅडमनी फोन करून साक्षीची पुढची बाजू सांगितली.

"चांदीचं उत्तर मिळालं आपल्याला. तिकडच्या बायका चांदीचे दागिने घालतात. पैंजण, कडी. स्फोटाच्या उष्णतेने दागिने वितळले आणि तुकड्यात शिरले. म्हणजे नमुना बाद. तुम्ही म्हणायचं, शास्त्रीयदृष्ट्या हे शक्य आहे."

"शक्य नाही," सुहासच्या तोंडून गेलं. "बाहेरून चिकटलं असतं तर सालीवर राहिलं असतं. आतपर्यंत कसं जाईल?"

"कोर्टाला कळणार आहे का ते?"

"खोतला कळेल."

"त्यांनी आधीच लिहून दिलंय की त्यांना उगम माहीत नाही," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "आणि त्यांच्या बाबतीत तुमचं मत काय आहे, ते मला पहिल्याच भेटीत समजलं."

फोन ठेवल्यावर सुहास बराच वेळ टिकलीकडे बघत बसला. वाईट वाटलं ते एवढ्याच गोष्टीचं, की बाईंना समजलं.

---

पुण्यातल्या विशेष न्यायालयासमोर चहाची टपरी होती. साक्षीदारांनी आपसात बोलू नये असा नियम होता, पण टपरीवर तो कुणी पाळत नसे. दिग्विजय तिथे उभा होता. केस होते. हसू मात्र दिसत नव्हतं, आणि सुहासला वाटलं होतं तेवढा तो हसू नसताना काही छान दिसत नव्हता.

"सुह्या," त्याने सरळ गळ्यात हात टाकला. "बारीक झालास की रे. चहा घे. दोन द्या हो."

"मी समोरच्या बाजूचा आहे."

"असू दे की. चहा कुठल्या बाजूचा असतो?" दिग्विजयने कप त्याच्या हातात दिला. "एक सांग, लेका. तू भट्टीवरचा माणूस. चांदी कुठून आली? सहा महिने झाले, मला काही सुचत नाही. भंगारात असेल म्हणून बघितलं, तर बाकी एकाही नमुन्यात नाही. दागिन्यांचं म्हणतात, पण ते ठिपके पार आत आहेत. यंत्र चुकतंय का काय, असं मला स्वतःलाच वाटायला लागलंय."

सुहासने चहा प्यायला. हे वाक्य ऐकायला तो पस्तीस वर्षं थांबला होता, आणि आता ते असं टपरीवर, काही न मागता मिळालं. त्याने अजून थोडं मागून पाहायचं ठरवलं.

"मेसमध्ये एकदा आपण बोललो होतो," तो म्हणाला. "भट्टीच्या वासाबद्दल. आठवतंय?"

दिग्विजयचा चेहरा उजळला. "आठवतंय म्हणजे? आमटी आली नव्हती. मी म्हणालो होतो, प्रत्येक भट्टीला तिचा वास असतो, हुंगणारं नाक पाहिजे. आणि तू म्हणालास, आधी आमटीचा वास येऊ दे. सगळ्या भाषणांत सांगतो मी हे. लोक हसतात."

सुहासने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता, तेच भयंकर होतं. चोराने चोरी कबूल केली असती तर निदान वस्तू आपली होती एवढं तरी सिद्ध झालं असतं. इथे त्या चोराला ती वस्तू जन्मापासून स्वतःची वाटत होती, आणि सुहासच्या वाट्याला आमटी ठेवली होती.

"हसतात का," सुहास म्हणाला. त्याने कप ठेवला आणि आत गेला. ठरलं होतं. तो गप्प राहणार होता.

---

साक्षीआधी पडद्यावर दाराझच्या शिक्षिका आल्या. नुरिया नाव. डोक्यावरून करडी ओढणी, हातात वही. दुभाषा मराठी-इंग्रजी सांगत होता.

रायरीकर मॅडमनी आवाज हळुवार केला. "बाई, तुमच्याकडे स्त्रिया चांदीचे पैंजण घालतात ना?"

"घालतात."

"मुलीसुद्धा?"

"घरी घालतात."

"म्हणजे त्या रांगेतल्या मुलींच्या अंगावर चांदी असू शकेल?"

दुभाष्याने प्रश्न सांगितला. नुरियाबाईंनी हातातली वही मिटली. त्यांना प्रश्न कळला नसेल असं वाटून दुभाष्याने पुन्हा सांगितला.

"कळला मला," त्या म्हणाल्या. "शाळेत दागिने घालायला बंदी आहे. हा नियम मीच केला. एकीच्या पायात असतात, दुसरीच्या नसतात. नसलेली असलेलीकडे बघत बसते, तिचं अभ्यासात लक्ष राहत नाही. म्हणून रोज सकाळी दारात मी प्रत्येकीचे पाय बघते. त्या दिवशीही बघितले. सतरा जणींचे."

मॅडम म्हणाल्या, "एखादीने लपवून घातले असतील."

"त्यांना मीच उचललं," नुरियाबाई म्हणाल्या. "काही लपवलेलं नव्हतं."

सुहासच्या खिशात जुडगा होता. त्याने तो मुठीत धरला आणि टिकलीची कड तळहाताला लागली. नसलेली असलेलीकडे बघत बसते. तो विचार करत होता, आपले पाय कुणी सकाळी दारात बघितले असते तर.

मग त्याचं नाव पुकारलं.

न्यायमूर्ती बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. दिग्विजय पहिल्या रांगेत होता. त्याच्या मागच्या रांगेत दादासाहेब इंगवले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

"चिखलीकरसाहेब," मॅडमनी सुरुवात केली, "एकवीस वर्षांत आपल्या कारखान्यातून चांदी असलेलं बीड बाहेर पडलं का?"

'नाही' हा दोन अक्षरी शब्द होता. त्याने दिग्विजयकडे पाहिलं. दिग्विजयने, काय सांगावं त्या माणसाचं, त्याला धीर द्यायला मान हलवली.

"एकदा पडलं," सुहास म्हणाला.

रायरीकर मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. "तुम्हाला प्रश्न नीट समजला का?"

"समजला. बंदीच्या वर्षीची खंडेनवमी. बंदीला पाच महिने होत आले होते. भट्टी क्रमांक दोन, पूजेनंतरचा पहिला रस. तानाजी लोहारला विचारा, तो मचाणावर होता. प्रकार सातचे एकशे चाळीस नग."

दादासाहेब जागेवरून अर्धवट उठले आणि परत बसले. मॅडमनी आपलाच साक्षीदार फुटल्याचं सांगून थांबायची परवानगी मागितली. न्यायमूर्तींनी हात वर करून ती नाकारली आणि स्वतःच विचारलं, "चांदी कुठून आली?"

"एक पाटी होती. तांब्याची, चांदीच्या मुलाम्याची. मी टाकली."

"कसली पाटी?"

हे मात्र त्याने घरी कधी मनातही बोलून पाहिलं नव्हतं. "डॉ. दिग्विजय खोत यांच्या सत्काराची. वर त्यांचं नाव होतं. खाली, त्यांचे वर्गमित्र, आणि माझं."

पहिल्या रांगेत दिग्विजय पुढे वाकला.

"का टाकलीत?"

"अक्षरांच्या आकारामुळे, बाईसाहेब."

कुणी तरी हसलं आणि थांबलं. न्यायमूर्ती हसल्या नाहीत. "नोंदवहीत हे का नाही?"

"मी खोटा आकडा लिहिला. टिकलीही बदलली. खरी ही." त्याने जुडगा काढला आणि कठड्यावर ठेवला. बीड लाकडावर वाजलं. "यंत्रात घालून बघा. तांबं एकतीस येईल. चांदी वीस. आणि त्या तुकड्याशी तंतोतंत जुळेल."

"स्कूटरची किल्ली आहे ही."

"हो. ती काढून द्या मला नंतर. स्कूटर तिकडे एसटी स्टँडवर लावलीय, घरी जायचंय."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "प्रकार सात म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत होतं?"

या प्रश्नाची तयारी मॅडमनी करून घेतली होती. उत्तर 'नव्हतं' असं होतं.

"माहीत होतं," सुहास म्हणाला. "पाण्याला वाट नसलेला पंप मी पहिल्या दिवशी ओळखला. सेरबानला जातात, हेही कानावर होतं. पण खरं सांगू का, मी त्याचा विचारच केला नाही. त्या सगळ्या वर्षांत मी एकाच माणसाचा विचार करत होतो. दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती."

---

टिकली जुळली. तानाजी लोहारने साक्ष दिली, "सायेब नवस म्हणाले, म्हणून मी इचारलं न्हाई." त्या रसाच्या तारखेवरून रवानगीचे कागद निघाले, कागदांवरून दादासाहेबांची सही. बंदी माहीत असताना माल गेला, हे त्या सहीनेच सांगितलं. निकाल चार महिन्यांनी लागला: कंपनी दोषी, इंगवले दोषी. सुहासवर खोट्या नोंदीचा वेगळा खटला होता, शिक्षा काय व्हायची ती होणार होती. नोकरी साक्षीच्या दिवशीच गेली. प्रणिताने पाटीबद्दल फक्त एकच वाक्य ऐकवलं. ते वाक्य असं होतं की त्याचा त्रास पंधरा दिवस पुरला.

वर्तमानपत्रांत मथळा होता: 'खोत चाचणीचा ऐतिहासिक विजय'. सुहासने तो वाचला आणि त्याच्या लक्षात आलं की कबुलीने माणूस काही बदलत नाही. मथळ्यातलं 'खोत' त्याला नेहमीसारखंच टोचलं.

निकालपत्र दोनशे बारा पानांचं होतं. तो सकाळी खुर्चीत बसून पेन्सिल घेऊन वाचत होता, तेवढ्यात फोन आला.

"सुह्या," दिग्विजय म्हणाला. साक्षीनंतर पहिल्यांदाच. "निकाल वाचतोयस?"

"वाचतोय."

"तुझं नाव एकेचाळीस वेळा आलंय. माझं अडतीस."

सुहासने पेन्सिलीने मारलेल्या रेघा बघितल्या. एकेचाळीस. अडतीस. "तू मोजलंस?"

"मोजलं." दिग्विजय म्हणाला. "दोनदा. आणि मेसमधलं ते वाक्य, लेका, तुझं होतं. तू साक्षीला उभा राहिलास तेव्हा आठवलं. आमटीचं माझं होतं. मला ते नको होतं, म्हणून बहुतेक अदलाबदल झाली."

पस्तीस वर्षं जपलेली वस्तू हातात आली, तर ती ठेवायची कुठे, हा प्रश्नच पडतो.

"शेवटचं परिशिष्ट बघितलंस?" दिग्विजयने विचारलं.

"नाही. तिथे आपली नावं नाहीत, म्हणून सोडलं होतं."

"मीही सोडलं होतं. बघ."

फोन तसाच कानाला ठेवून सुहासने शेवटचं पान उलटलं. नुरियाबाईंच्या हजेरीच्या वहीतून उतरवलेली यादी होती. सतरा नावं, एकाखाली एक, सगळी एकाच आकाराच्या अक्षरांत. त्याने सवयीने पेन्सिल उचलली आणि मागे जाऊन शोधलं, यातलं एखादं नाव निकालात आणखी कुठे आलंय का. दोनशे बारा पानं चाळली. फोनवर दिग्विजयही बहुतेक तेच करत होता, पानांचा आवाज येत होता.

प्रत्येकीचं एकदाच होतं.